घंटाकर्ण कोणाला म्हणावे?

गेल्या माघातली गोष्ट. सोलापुरात पूर्व भागातल्या एका गल्लीत अखंड हरिनाम सप्ताह होता आणि पाचव्या दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. कीर्तन झाले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी प्रसादाकडे वळली. तेवढ्यात त्या दिवशी पखवाजाला बसलेला मुलगा पाया पडून बाजूला उभा राहिला. वय असेल एकवीस-बावीस. हात चांगला, चालीही पाठ. म्हणाला, "महाराज, एक विचारू का? कानात बोळे घालून पखवाज वाजवला तर सेवेत उणं येतं का? रात्री घरी गेलं की कानाला दडे बसतात बघा. सकाळी सुटतात."

आम्ही उत्तर द्यायच्या आधीच एक जुने टाळकरी म्हणाले, "अरे, नाम कानात जाऊ नये म्हणून बोळे घालतोस होय? मग तू घंटाकर्णच की रे!" सगळे हसले. सांगायला लाज वाटते, आम्हीही हसलो. मुलगा खाली मान घालून पखवाजाला खोळ घालू लागला.

त्या मुलाचे गुरू तिथेच मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. तीस वर्षे आमच्या मागे मृदंगाची साथ त्यांची. नाव देत नाही, मृदंगबुवाच म्हणू. तेही हसले. पण ते का हसले हे आम्हांला ठाऊक होते. दुसरे हसले म्हणून ते हसले. मुलाचा प्रश्न त्यांना ऐकूच गेला नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. घंटाकर्णाची कथा आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. हरिवंशात ती आहे. घंटाकर्ण हा पिशाच, शिवाचा भक्त, आणि विष्णूचा मोठा द्वेष्टा. विष्णूचे नाव कानावर पडू नये म्हणून त्याने दोन्ही कानांना घंटा बांधल्या. कोणी नाम घेतले की मान हलवायची, घंटा घणघणायच्या, नाम बाहेरच राही. पुढे मुक्ती मागायला तो शंकराकडे गेला, तेव्हा शंकरांनीच त्याला विष्णूकडे पाठवले आणि बदरिकाश्रमी भगवंतांनी त्याचा उद्धार केला. ही कथा सांगताना घंटेचा अभिनय करून आम्ही श्रोत्यांना हसवत असू. पण एवढ्या वर्षांत एक साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. घंटाकर्णाने कानात बोळा घातला नव्हता. नाम अडवायला त्याने वापरला तो आवाज. मग आमच्या मंडपात घंटाकर्ण कोण? बोळा मागणारा तो पोर, की ज्याच्या 'वाढवा, वाढवा' या खुणेने दोन्ही बाजूंचे कर्णे गर्जू लागतात तो व्यासपीठावरचा महाराज?

वाचकहो, हा प्रश्न आम्ही शोभेसाठी घातलेला नाही. त्याच्यामागे आमचा एक अपराध आहे, तो आधी सांगतो.

मृदंगबुवा यंत्रमागावर काम करणारे. सोलापूरच्या माणसाला मागाचा आवाज सांगावा लागत नाही. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या चालू होत्या तेव्हा साचेखात्यातली माणसे एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत, आणि घरी आली की बायकोशी मुलाबाळांशी ओरडून बोलत. गिरण्या बंद पडल्या, पण चादरी-टॉवेलांचे माग गल्लीगल्लीत राहिले. तर बुवांचा दिवस असा: पाळी संपवून घरी यायचे, अंग धुवायचे, गंध लावायचे आणि पखवाज घेऊन भजनाला निघायचे. सप्ताह असला तर पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि उत्साही मंडळी असली तर वर जागर. दिवसा माग, रात्री टाळ-मृदंग. कानाला विसावा म्हणून नाही.

बारा वर्षांपूर्वी एकदा कीर्तनानंतर ते आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "महाराज, रात्री निजलो की कानात नाद वाजायलंय. बारीक, किणकिण, किणकिण. थांबतच नाही. सगळीकडं शांत झालं की जास्तच."

आम्हांला काय वाटावे? आमचे डोके पोथीत. हठयोगाच्या ग्रंथांत नादानुसंधान सांगितले आहे. साधकाला आधी समुद्र, मेघ, भेरी यांच्यासारखे नाद ऐकू येतात आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर यांच्यासारखे सूक्ष्म. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही अनाहताचा विषय येतो. आम्हांला भरून आले. आम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बुवा, भाग्यवान आहात. आम्ही पुस्तकात वाचलं, तुमच्या कानी आलं."

ते रडले. त्या दिवसापासून त्यांनी सेवा आणखी वाढवली. कोणी वाजवायला बोलावले तर नाही म्हणत नसत. चारचौघांत कधी बोलले नाहीत, पण आमच्याकडे पाहून कधी कधी कानाला बोट लावून हसत. त्या खुणेचा अर्थ आम्हां दोघांनाच माहीत.

पाच-सहा वर्षांनी चुका होऊ लागल्या. आम्ही आवाज खाली आणून एखादे करुण चरण म्हणत असू आणि मागून थाप पडे. चाल सोडून निरूपणाला येत असू, त्यांना कळत नसे. हात अचूक, लय अचूक, पण आमचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. शेवटी त्यांच्या मुलाने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. बरोबर आम्हीही गेलो. एका बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. खालच्या पट्टीचे आवाज बरेच ठीक होते, आणि चार हजार कंपनांच्या आसपास ती रेघ विहिरीत पडावी तशी खाली गेलेली. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची हीच ओळख, असे ते म्हणाले. आणि किणकिण? "तो नाद बाहेरचा नाही, देवाचाही नाही. इजा झालेल्या कानाचा आहे." आपल्या वैद्यकात त्याला कर्णनाद हे नावच आहे. सुश्रुतांनी कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यांत कर्णनाद आणि बाधिर्य शेजारी शेजारी आहेत. आम्ही तेही वाचले होते.

डॉक्टरांनी सांगितले ते आम्हांला समजले तेवढे सांगतो. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार अतिसूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला वर्दी देतात. फार मोठ्या आवाजाने त्या थकतात. दडे बसतात ते याच थकव्याचे. विसावा मिळाला तर बऱ्याचशा सावरतात, पण रोज रोज मारा झाला तर मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. नख वाढते, केस वाढतात, हे वाढत नाही. आधी मरतात त्या उंच स्वराच्या. म्हणून माणसाला आवाज येतो पण अक्षर येत नाही. स, श, च, त ही व्यंजने गळून पडतात, स्वर तेवढे उरतात. बुवा म्हणाले तेच, "महाराज बोलताय ते दिसतं, आवाज येतो, पण शबुद न्हाई येत."

ज्याने तीस वर्षे शब्दाला साथ केली त्याचा शब्द गेला. आणि जेव्हा तो वाचवता आला असता, तेव्हा आम्ही त्याला 'भाग्यवान' म्हटले होते. आपल्या संप्रदायात महाराजांच्या शब्दावर माणसे किती भार टाकतात हे आम्ही जाणून होतो. डॉक्टरांकडे जा, एवढे दोन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह घोकला तेव्हा शिकलो की शब्द हा आकाशाचा गुण, आणि श्रोत्र म्हणजे कानाच्या पोकळीतले आकाशच. आकाश तर नित्य, ते झिजत नाही. मग बहिरेपण येते कसे, असा आम्ही पोरांनी गुरुजींना पेच घातला होता. गुरुजींनी प्रशस्तपादांचे उत्तर दिले: आकाश नित्य असले तरी त्याला भोगासाठी जे बांधून दिले आहे त्यात वैकल्य आले की बधिरता येते. आम्हांला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटले होते. आज वाटते, फार प्रामाणिक उत्तर आहे. नाम नित्य आहे, ते कोठे जात नाही. पण ते ज्या दाराने आत यायचे त्या दाराची चौकट मातीची आहे.

आणि चरकाचार्य तर अगदी स्पष्ट आहेत. इंद्रियांचे आपल्या विषयांशी तीन तऱ्हेने बिघडते: अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग. कानाचा अतियोग कोणता? मेघांचा गडगडाट, मोठा आक्रोश आणि पटह यांचा अतिशय मोठा आवाज ऐकणे. पटह म्हणजे नगारा. दोन हजार वर्षांमागे वैद्याने वाद्याचे नाव घेऊन सांगून ठेवले आहे. तेव्हा 'हे इंग्रजी डॉक्टरांचे खूळ' असे कोणी म्हणू नये.

आता खरा आक्षेप. तो टाळकऱ्यांच्या विनोदापेक्षा खोल आहे आणि आमच्याच मनात तो पुष्कळ दिवस होता. देह नाशिवंत आहे. तो सेवेत झिजला तर वाईट काय? वारीत पायांना फोड येतात, आपण वारकऱ्याला चालू नको म्हणतो का? मग मृदंग वाजवून कान गेला तर ते भूषणच नव्हे काय?

विचार करता आम्हांला दोन भेद दिसले. पायाचा फोड चालणाऱ्याला दिसतो. तो तळावर बसून सुईदोऱ्याने फोडतो, तेल लावतो, चिंधी बांधतो, आणि चिंधी बांधली म्हणून त्याची वारी उणी झाली असे कोणी म्हणत नाही. कान मात्र जाताना दुखत नाही. जो कळून देह झिजवतो त्याचे ते तप. ज्याला कळलेच नाही त्याचा तो त्याग नव्हे, ते नुकसान. दुसरा भेद असा की फोड ज्याचा तोच चालतो. मृदंग्याचा कान मात्र त्याच्या एकट्याच्या हाताने जात नाही. तो जातो आमच्या खुणेने, मंडळाच्या हौसेने आणि साउंडवाल्याच्या पेट्यांनी. दुसऱ्याच्या देहाचा त्याग करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

याच प्रश्नाचा निवाडा लंडनच्या न्यायालयात झालेला आहे. तेथील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ख्रिस्तोफर गोल्डशायडर नावाचा व्हायोला वाजवणारा होता. १ सप्टेंबर २०१२ रोजी व्हाग्नरच्या एका नाट्यसंगीताची तालीम चालू असता त्याला पितळी तुताऱ्यांच्या अगदी पुढे बसवले होते. आवाजाचे तडाखे १३० डेसिबलच्या वर गेले, आणि त्याचे कान असे बिघडले की पुढे वाजवणेच सुटले. संस्थेने त्याला कानात घालायची साधने दिलेली होती. तरी तो २०१८ साली खटला जिंकला, आणि २०१९ साली अपिलातही संस्थेची जबाबदारी कायम राहिली. संस्थेचे म्हणणे काय होते ते ऐका. श्रेष्ठ कलेत असा आवाज अटळ आहे, कलेचे मोल ध्यानात घ्या. न्यायालयाने ते मानले नाही. कला कितीही थोर असो, वाजवणाऱ्याच्या कानाचे रक्षण करण्यातून मालकाला सूट नाही.

हे वाचले तेव्हा आम्ही स्वतःला विचारले, आपण तरी याहून वेगळे काय म्हणत आलो? 'देवाचे काम आहे' एवढाच फरक. देवाचे काम आहे म्हणून तर जबाबदारी जास्त. कोष्ट्याच्या मागासाठी कायद्यात आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा आहे, आणि देवाच्या दारी मर्यादाच नको?

मोजमापाविषयी थोडक्यात सांगतो. तज्ज्ञ सांगतात की पंच्याऐंशी डेसिबल आठ तासांपर्यंत कानाला सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्क्याण्णवला दोन, चौऱ्याण्णवला एक, आणि शंभरावर गेला की पाव तास. तीन हा आकडा दिसायला लहान, पण तेवढ्याने आवाजातली शक्ती दुप्पट होते. दिवसाचा हिशेब एकच. मागावर खर्च झालेला वाटा रात्री परत मिळत नाही. एका हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागले तर तेथे मर्यादा ओलांडली असे समजावे. मोबाइलवरही आवाज मोजता येतो, काटेकोर नाही पण अंदाज येतो. आम्ही काकड्यात, हरिपाठात आणि कीर्तनातल्या गजरात तो धरून पाहिला. पंधरा-वीस टाळ, पत्र्याचा मंडप आणि मागे तोंड केलेला मॉनिटर अशी स्थिती असली की आकडा पंच्याण्णवच्या खाली आला नाही.

कोणी म्हणेल, टाळ-मृदंग पूर्वीही होते. होते, आणि पूर्वीही म्हातारे टाळकरी बहिरे होत. आपण ते वयावर घालत असू. पण एक गोष्ट पूर्वी होती ती आता नाही. माईक नव्हता तेव्हा सगळ्या वाद्यांचे माप कीर्तनकाराचा गळा हे होते. महाराज बोलू लागले की टाळ आपोआप खाली येत, नाही तर शेवटच्या रांगेत ऐकू कसे जाणार? माईक आला आणि माप गेले. आता टाळकऱ्याला आपला टाळ ऐकू येत नाही म्हणून तो जोराने मारतो. मृदंग्याला टाळापुढे मृदंग ऐकू येत नाही म्हणून त्याचा माईक वाढतो. आम्हांला आमचा शब्द ऐकू येत नाही म्हणून आम्ही बोट वर करतो. शेवटी सगळे घसा फोडून बसतात आणि कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. आमचाही कान आम्ही तपासून घेतला. उजवा उणा निघाला. मृदंग उजव्या हाताला असतो. तेव्हा 'वाढवा, वाढवा' म्हणणारा महाराज उत्साहाने म्हणत होता की बहिरेपणाने, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

उपायांकडे वळतो. कापसाचा कोरडा बोळा फारच थोडा आवाज अडवतो, त्यावर विसंबू नये. औषधाच्या दुकानात फेसाचे मऊ बोळे मिळतात. ते बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवावा. नुसता दाराशी टेकवून ठेवलेला बोळा व्यर्थ. मागावरच्या माणसाला हे उत्तम. पण वादकाला त्यात एक अडचण येते. ते उंच स्वर जास्त अडवतात, त्यामुळे टाळेची किणकिण आणि पखवाजाच्या शाईचे बोल दबतात, कणकेच्या बाजूची घुमारी तेवढी उरते. वादकाला वाटते आपण घोंगडीत तोंड घालून वाजवतो आहोत. यासाठीच वादकांचे वेगळे बोळे निघाले. अमेरिकेत १९८८ च्या सुमारास ते बाजारात आले. त्यांत एक लहान चाळणी असते, ती सगळे स्वर सारखेच, सुमारे पंधरा डेसिबलने, खाली आणते. टाळ टाळच राहतो, शब्द शब्दच राहतो, फक्त सगळे चार पावले लांब गेल्यासारखे वाटते. वरचे तीन-तीनचे गणित आठवा. पंधरा कमी झाले तर पाव तासाचे आठ तास होतात.

मोठ्या कार्यक्रमांतले गवई-वादक आणखी एक साधन लावतात, इन-इअर मॉनिटर. कान बंद करणारी लहान गुंडी, आणि तिच्यातून ज्याला जे हवे ते त्याच्यापुरते ऐकवले जाते. व्यासपीठावरच्या मॉनिटरची गरज उरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते आपोआप रक्षण करते असे समजू नये. त्यातलाच आवाज वाढवला तर विष आणखी जवळ आणल्यासारखे. एक कान उघडा ठेवून एकातच लावणारे बरेच दिसतात. मग तो एक कान अधिक आवाज मागतो, आणि उघडा कान तर उघडाच. आमचे मत विचाराल तर सिनेमाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला ते शोभते. कीर्तनात टाळकरी, मृदंगी, वीणेकरी आणि श्रोते यांनी एकच ऐकावे अशी आपली रीत आहे. प्रत्येकाने आपापले वेगळे ऐकत उभे राहावे हे आम्हांला रुचत नाही. यात आमचा म्हातारपणाचा हट्ट असेल. एखाद्या मृदंग्याला त्यानेच कान वाचवता येत असेल तर त्याने खुशाल लावावे, आम्ही मध्ये येणार नाही.

पण बोळा हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. पहिला उपाय आमच्या हातात आहे. मॉनिटर मृदंग्याच्या कानाशी ठेवू नये. पत्र्याखाली मंडप असेल तर मागे जाड पडदे बांधावे. काकड्याला एक मृदंगी, कीर्तनाला दुसरा, अशी पाळी लावावी, म्हणजे कानाला विसावा मिळतो. आणि महाराजांनी बोट वर करण्याऐवजी हात खाली करायला शिकावे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीच्या जागांसाठी नियम सुचवले. पाव तासाची सरासरी शंभर डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि येणाऱ्यांना कानाचे बोळे मिळावेत. नाचगाण्याच्या जागी हे होऊ शकते तर सप्ताहाच्या मंडपात का होऊ नये? नारळ, हार, बुक्का यांच्या यादीत बोळ्यांची एक डबी घालायला मंडळाला जड नाही.

श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली. ज्ञानेश्वर महाराज ज्ञानेश्वरीत श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा मागतात ते अवधान. आवाज मोठा झाला म्हणून अवधान वाढले असे आम्हांला चाळीस वर्षांत दिसले नाही. उलट आवाज खाली आला की मंडपातली माणसे पुढे सरकतात, पोरांना गप्प करतात. हे आम्ही जाणून होतो, तरी भुललो.

चैत्रात आम्ही मृदंगबुवांच्या घरी गेलो. आता त्यांच्या कानाला श्रवणयंत्र आहे, पण ते सारखे काढून ठेवतात. म्हणतात, त्यात भांड्यांचा आवाज फार येतो. आम्ही त्यांच्या समोर, तोंड दिसेल असे बसलो आणि सावकाश सांगितले, "बुवा, त्या वेळी आम्ही चुकलो. तो नाद रोगाचा होता. तुम्हांला डॉक्टरांकडे धाडायला हवं होतं, आम्ही भाग्य म्हणालो. माफ करा."

त्यांना कळले की नाही म्हणून आम्ही पुन्हा सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवले. म्हणाले, "कळलं, महाराज. पोरानं तवाच सांगितलं होतं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सुनेने चहा आणून ठेवला. चहा घेता घेता म्हणाले, "पर ती पाच-सहा वर्सं लई सुखात गेली बघा. रात्री निजताना वाटायचं, पांडुरंग जागा हाय."

याला काय उत्तर द्यावे ते आम्हांस सुचले नाही. अजूनही सुचत नाही.

निघताना ते दारापर्यंत आले आणि शिष्याचे नाव घेऊन म्हणाले, "त्या पोराला बोळे घिऊन द्या तुम्ही. मी सांगितलं तर तो लाजंल. तुम्ही दिले तर घालंल."

आम्ही ते मागवले, चाळणीचे. वैशाखातल्या सप्ताहात तो मुलगा ते घालून वाजवायला बसला. जुने टाळकरी शेजारीच होते, त्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत. गजर झाला, आम्ही निरूपणाला आलो आणि सवयीने बोट वर गेले. मागून पखवाज थांबला. वळून पाहिले तर मुलगा आमच्याकडे पाहत नकारार्थी मान हलवत होता. साउंडवाला दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आम्ही हात खाली केला.